सेकंड हँड टर्बो, फुटलेला पिस्टन आणि कायद्यातला घोडा

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी आजच्या भागाचा मजकूर. बोलताना झालेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत, बाकी जसंच्या तसं.)

मालवणातून बोलतोय, मागे पाऊस ऐकू येत असेल तर समजून घ्या.

आजचा विषय मला स्वतःला जरा लागलेला आहे. गेल्या वर्षी चतुर्थीच्या आधी मी एक सेकंड हँड गाडी घेतली. टर्बो पेट्रोल हॅचबॅक, मॉडिफाय केलेली. 6 लाख 40 हजार रुपये. चार वर्षं कोडिंग करून साठवलेले थोडे, बाकी कर्ज. एकोणिसाव्या दिवशी रात्री कसालवरून घरी येत होतो. कट्टा मागे टाकलं आणि गाडी अचानक थरथरायला लागली. चेक इंजिनचा दिवा लुकलुकतोय, मागून निळा धूर. मी गाडी बाजूला घेतली, बंद केली आणि अंधारात दहा मिनिटं नुसता बसून राहिलो.

सकाळी कुडाळचे आमचे मेस्त्री आले. त्यांनी कॉम्प्रेशन तपासलं. चारपैकी एका सिलिंडरमध्ये जवळपास काहीच नाही. मी म्हटलं, खोलूया का? ते म्हणाले, "आता हात लावू नको. उघडलंस तर त्येंकाच बरा पडतला. आदी त्येंका कळय." हा सल्ला मला पुढे दीड लाखाला पडला, म्हणजे तेवढा फायदा झाला. कसा ते सांगतो.

डीलरला फोन केला. उत्तर ठरलेलं: "साहेब, जुनी गाडी, त्यात मॉडिफाय केलेली. वॉरंटी नसते. कागदावर लिहिलंय, जशी आहे तशी." ग्रुपवर विचारलं तर सगळे मित्रही तेच बोलले. जुनी गाडी म्हणजे नशीब. मॉडिफाय केलेली म्हणजे तर कायदा विसर. तीन दिवस मीही तेच धरून बसलो होतो.

ते अर्धवट खरं आहे. मी वकील नाही, इंजिनिअर आहे. पण हे प्रकरण लढवताना जे वाचलं आणि जे अनुभवलं, ते तुमच्या कामाला येईल म्हणून बोलतोय.

आधी प्रश्न: विकलं कोणी?

सगळं यावर अवलंबून आहे. गाडी धंदा करणाऱ्या डीलरकडून, स्वतःच्या वापरासाठी घेतली असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 तुमच्या बाजूने उभा राहतो. या कायद्यात 'माल' म्हणजे फक्त नवा माल नाही, जुनी गाडीही त्यात येते. पण तुम्ही ती गाडी पर्यटकांना सेल्फ ड्राइव्हवर द्यायला घेतली असेल, तर समोरचा म्हणणार की हा व्यापारी वापर आहे, तुम्ही ग्राहकच नाही. पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असाल तर सूट आहे, पण ती तुम्हाला सिद्ध करावी लागते.

आणि एखाद्या मित्राकडून, ऑनलाइन जाहिरात बघून, कुणा खाजगी माणसाकडून घेतली असेल तर? मग ग्राहक आयोगाचा रस्ता साधारण बंद. उरतात दोन जुने कायदे, 1872 चा करार कायदा आणि 1930 चा मालविक्री कायदा, आणि त्यासाठी दिवाणी कोर्ट.

डीलरची एक पळवाट ऐका: "आम्ही फक्त मध्यस्थ, मालक वेगळा." तर 1 एप्रिल 2023 पासून रजिस्टर्ड जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. मूळ मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिली की त्याची पोर्टलवर नोंद होते आणि तिथून पुढे डीलर हाच गाडीचा मानीव मालक. म्हणून पहिलं काम, ते अधिकारपत्र दाखवा म्हणायचं आणि पावती डीलरच्याच नावाची घ्यायची. माझ्याकडे ती होती. पहिला मुद्दा तिथेच माझा झाला.

आता घोडा

आमची आजी गाडी बघून म्हणाली होती, "आमच्या येळाक बैल घेताना दात बघीत. तू गाडयेचे दात बघलंस?" मी हसलो होतो.

करार कायद्यात कलम 17 आहे, फसवणुकीचं. तिथे समजावण्यासाठी चक्क घोड्याचं उदाहरण दिलंय. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोट आहे हे त्याला माहीत आहे, पण तो गप्प बसतो. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. नुसतं गप्प राहणं हा गुन्हा नाही. वाचून माझं डोकंच फिरलं.

पण त्याच्या खाली आणखी एक उदाहरण आहे. विकत घेणारा म्हणतो, तू नाकारलं नाहीस तर घोडा धडधाकट आहे असं मी समजेन. विकणारा तरीही गप्प. आता मात्र ते गप्प राहणं बोलण्यासारखंच धरलं जातं. तोच घोडा, तेच मौन. फरक एकच, घेणाऱ्याने विचारलं.

जुन्या मॉडिफाय गाडीत कायदा तुम्हाला किती वाचवणार हे बहुतेक इथे ठरतं: पैसे देण्याआधी तुम्ही काय विचारलंत आणि त्याचा पुरावा आहे का.

माझ्या नशिबाने मी विचारलं होतं, व्हॉट्सॲपवर. शब्द असे: "भाऊ, मी मालवणला राहतो. मला रोज साधंच पेट्रोल भरावं लागणार. या ट्यूनवर चालेल ना? आणि रिमॅप सोडून इंजिनला दुसरं काही केलेलं नाही ना?" उत्तर आलं: "हो हो बिंदास चालवा. फक्त स्टेज 1 आहे."

हा मेसेज इतका महत्त्वाचा का? टर्बो इंजिनचा सॉफ्टवेअर बदलून बूस्ट वाढवला की सिलिंडरमधला दाब आणि उष्णता वाढते. आपल्या पंपावरचं साधं पेट्रोल त्या मानाने कमी ऑक्टेनचं. जास्त बूस्टच्या ट्यूनला बहुतेक वेळा त्याच्या वरचं लागतं. ते नसेल तर ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं. यालाच नॉकिंग म्हणतात. हे वारंवार झालं की पिस्टनवर हातोडे बसल्यासारखं होतं, आणि रिंगा ज्या खाचेत बसतात तिची कड तुटते. माझ्या गाडीत नेमकं तेच झालं होतं. आणि ट्यून 'स्टेज 1' नव्हतीच. खाली डाउनपाइप बदललेला, ट्यून त्याहून पुढची.

मालविक्री कायद्याचं कलम 16 सांगतं की साधारणपणे माल बघून घ्यायची जबाबदारी घेणाऱ्याची. पण तुम्ही आपली गरज विकणाऱ्याला सांगितलीत, त्याच्या जाणकारीवर विसंबलात आणि त्याचा धंदाच तो माल विकण्याचा आहे, तर माल त्या गरजेला योग्य असला पाहिजे, ही अट न लिहिताही करारात येते. 'मालवणला राहतो, साधं पेट्रोल' हे तीन-चार शब्द म्हणजे माझी गरज.

मग 'जशी आहे तशी' या ओळीचं काय? कलम 62 प्रमाणे अशा न लिहिलेल्या अटी करार करून बाजूला ठेवता येतात, हे खरं. पण खोटं सांगून घेतलेल्या सहीला ती ओळ वाचवत नाही. शिवाय मालाच्या दर्जाबद्दल खोटी माहिती देणं ही ग्राहक कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, गाडी जुनी असो की नवी.

कुठे कायदा हात वर करतो

हेही स्पष्ट ऐका. गाडी बनवणाऱ्या कंपनीकडे जाऊन उपयोग नाही. कंपनीची वॉरंटी अशा बदलांनी जाते. 2019 च्या कायद्यात 'उत्पादन दायित्व' नावाचं प्रकरण आहे, पण त्यात खुद्द वस्तूचं झालेलं नुकसान मोजत नाहीत, आणि कलम 87 म्हणतं की वस्तूत बदल केलेला असेल तर विक्रेत्यावर त्या प्रकारचा दावा चालत नाही. म्हणून तक्रार 'दोष' आणि 'अनुचित प्रथा' यावर लिहायची, उत्पादन दायित्वावर नाही.

शेजारच्या गोव्यातली एक केस यासाठी वाचण्यासारखी आहे. डीलरने ग्राहकाला 2011 चं नवं मॉडेल म्हणून 2009 ची, आधी वापरलेली गाडी दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. फेब्रुवारी 2021 मध्ये कोर्टाने टाटा मोटर्सला सोडलं, कारण डीलरने केलेली लबाडी कंपनीला माहीत होती हे सिद्ध झालं नव्हतं. डीलरची जबाबदारी मात्र तशीच राहिली. म्हणजे बोट दाखवायचं ते विकणाऱ्याकडे.

इन्शुरन्स? नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड बसत नाही. त्यात बदल कळवलेले नसतील तर अपघाताच्या क्लेमलाही अडथळा.

आणि तुमचीही एक बाजू उघडी असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवरच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे ठणकावून सांगितलं. कलम 182-अ खाली नियमबाह्य बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. आता मालक तुम्ही आहात हे विसरू नका.

इंजिन गेलं, त्या दिवशी काय करायचं

एक. गाडी बंद. परत स्टार्ट करून बघायचं नाही. ओडोमीटर, धूर, दिवा, सगळ्याचा व्हिडिओ.

दोन. इंजिन खोलायचं नाही. आधी डीलरला लेखी कळवायचं, ईमेल आणि रजिस्टर पोस्टाने: अमुक तारखेला, अमुक गॅरेजमध्ये इंजिन उघडणार आहे, तुमचा माणूस पाठवा. मी सात दिवस दिले. कोणी आलं नाही. मग व्हिडिओ लावून उघडलं. मेस्त्रींचा सल्ला म्हणजे हाच. आधी उघडलं असतं तर 'तुम्हीच बिघडवलं' एवढं बोलून ते मोकळे झाले असते.

तीन. तुटलेले भाग जपून ठेवायचे. ईसीयूमधली फाइल वाचून घ्यायची. माझ्याकडे ट्यून बदलल्याचा पुरावा तिथूनच आला. आयोग गरज वाटली तर प्रयोगशाळेकडून तपासणी मागवू शकतो, म्हणून भाग भंगारात देऊ नका.

चार. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. फुकट आहे, काही डीलर इथेच नरमतात. माझा नाही नरमला.

पाच. आयोग. दिलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. गाडी कोल्हापुरातून घेतली तरी तक्रार मी राहतो तिथे करता येते, म्हणजे आपल्या सिंधुदुर्गनगरीत, ओरोसला. फी 5 लाखांपर्यंत शून्य, 5 ते 10 लाखांना 200 रुपये. हो, दोनशे. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते, वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षं. समोरच्याला उत्तरासाठी 30 दिवस, फार तर आणखी 15.

मग जिंकलास का?

अर्धा. आयोगाने दोघांच्या संमतीने प्रकरण मध्यस्थीला पाठवलं. इंजिनचा खर्च 2 लाख 35 हजार. माझे मेसेज, पावती, उघडतानाचा व्हिडिओ, सगळं मांडलं. मग त्यांनी मोबाइल पुढे केला. त्यात माझीच रील. आंबोली घाटात पूर्ण ॲक्सिलरेटर, वर गाणं, खाली आगीचे इमोजी. मी स्वतः टाकलेली.

खोलीत कोणी काही बोललं नाही. मला बाबांकडे बघवेना.

शेवटी दीड लाखावर मिटलं. 85 हजार माझे गेले, आणि सात महिने हप्ता भरत बस आणि रिक्षाने फिरलो. निकालापर्यंत लढलो असतो तर जास्त मिळालं असतं का? कदाचित. पण त्या रीलनंतर मला स्वतःलाच शंभर टक्के बरोबर आहे असं म्हणता येईना.

म्हणून गाडी घेण्याआधी हा मेसेज कॉपी करून ठेवा आणि टोकन देण्याआधी पाठवा: "इंजिन आणि सॉफ्टवेअरमध्ये काय काय बदल केलेत? कोणी, कधी केले? बिलं आहेत का? कुठलं पेट्रोल लागतं? इंजिन किंवा गिअरबॉक्स आधी उघडलाय का? आरसीशी न जुळणारं काही आहे का? तुम्ही काही सांगितलं नाहीत तर काहीच नाही असं समजून मी पैसे देतोय." शेवटचं वाक्य गाळू नका. तोच तो घोडा. आणि हजार-दोन हजार घालून कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या, कारण साध्या तपासणीत दिसलं असतं ते तुम्ही बघितलं नाहीत, तर कायदाही तुमची बाजू तितकी घेत नाही.

गाडी आता परत चालते. कंपनीचीच मूळ ट्यून टाकली. परवा आजीला देवळात घेऊन गेलो. उतरताना म्हणाली, "आता आवाज बरो येता." माझ्यासाठी तेवढं पुष्कळ.

तुमच्या ओळखीत कोणी जुनी टर्बो शोधत असेल तर हा भाग त्याला आजच पाठवा, टोकन दिल्यावर नको. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, पावसात सावकाश चालवा.