डोक्याची तपासणी: भीती सोडा, नोंद ठेवा

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दशसूत्रीतलं आरोग्य म्हटलं की आपल्याला हिमोग्लोबिन, बीपी, शुगर एवढंच आठवतं. आज मी एका वेगळ्या तपासणीबद्दल बोलणार आहे. आठवण, लक्ष, बोलणं, वाचणं, हिशोब आणि मनाची अवस्था यांची तपासणी. दवाखान्यात तिला मानसशास्त्रीय तपासणी म्हणतात. मेंदूचं कुठलं काम नीट चाललंय आणि कुठलं अडलंय, हे बारकाईनं पाहायचं असेल तर तिला न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणी म्हणतात. नाव अवघड आहे, पण आत जे चालतं ते तुम्हा-आम्हाला समजण्यासारखं आहे.

गावात फिरताना मला एकच वाक्य ऐकू येतं, "वेड्याच्या डॉक्टरकडं कशाला न्यायचं?" म्हणून आधी हे बघू, की तिथं कुणी जावं. सासूबाई तीच गोष्ट दहा वेळा विचारतात, चुलीवर दूध ठेवून विसरतात, रोजच्या वाटेवर चुकतात. मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागल्यापासून मुलगा चिडका झालाय, कामात लक्ष लागत नाही. कुणाला लकवा मारून गेला, हातपाय सुधारले, पण शब्द सापडत नाही. कुणाला वर्षानुवर्षं फिट येते. लेकरू बोलायला हुशार, पण चौथीत गेलं तरी वाचता येत नाही. बाळंतपणानंतर सून हसत नाही, जेवत नाही. यातलं कुणीच वेडं नाही. पण प्रत्येकाला नेमकं काय होतंय, हे बघायला हवं.

ही तपासणी करणारे असतात चिकित्सा मानसशास्त्रज्ञ. ते गोळ्या देत नाहीत. गोळ्या देतात ते मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात दोघंही असतात. जिल्हा रुग्णालयात हा विभाग असतो आणि त्यांची टीम तालुक्याच्या दवाखान्यातही येते. आपल्या तालुक्याचा वार कोणता, ते आशाताईला विचारा. मोठी तपासणी लागली तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवतात. घरबसल्या आधी बोलायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे. तो दिवसरात्र चालू असतो, फोनला पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

आता खोलीत काय होतं ते सांगते. सुई नाही, शॉक नाही, मशीन नाही. टेबलाच्या एका बाजूला ते बसतात, दुसऱ्या बाजूला आपण. आधी गप्पा: कधीपासून, कसं, झोप कशी, घरात काय चाललंय. मग कामं देतात. चार-पाच शब्द सांगतात आणि थोड्या वेळानं परत विचारतात. आकडे उलटे म्हणायला लावतात. एका मिनिटात जितकी जनावरं आठवतील तितकी सांगायला लावतात. ठोकळे जुळवायला, चित्र पाहून काढायला देतात. काही सोपं वाटेल, काही येणारच नाही. मुद्दाम सोप्यापासून अवघडापर्यंत नेतात, म्हणजे कुठं अडतं ते कळतं. त्यामुळं इथं पास-नापास नसतं. कधी तासाभरात होतं, कधी दोन-तीन वेळा यावं लागतं.

आता तुम्ही म्हणाल, "ताई, आमच्या सासूबाईंनी पाटी-पेन्सिल पाहिली नाही. त्या काय चित्र काढणार?" प्रश्न बरोबर आहे. आठवण तपासायची जगभर वापरली जाणारी एक छोटी चाचणी अमेरिकेत १९७५ साली तयार झाली. त्यात वाचायचं, वाक्य लिहायचं, वजाबाकी करायची. आपल्याकडं शाळेत न गेलेल्या म्हाताऱ्या माणसांना ती लावली तर चांगली माणसंही आजारी ठरतील. म्हणून हरियाणात बल्लभगडच्या खेड्यांमधल्या अभ्यासासाठी तिचं हिंदी रूप तयार केलं. त्यात वजाबाकीऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायचे. वाक्य लिहायच्या ऐवजी आपल्या घराबद्दल काहीतरी सांगायचं. म्हणजे जी बाई जसं आयुष्य जगली, त्याच मापानं तिला मोजायचं. म्हणून तिथं गेल्यावर पहिल्यांदा सांगा की यांची शाळा किती झाली आणि घरात कुठली भाषा बोलतात. हे सांगायला लाजू नका. न सांगितलं तर निकाल चुकू शकतो.

लेकरांचंही तसंच आहे. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी बुद्धीची पहिली चाचणी केली. शाळेत मागं पडणारी मुलं ओळखून त्यांना जास्तीची मदत द्यायची, हा हेतू होता. पुढं धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी कन्नड आणि मराठी मुलांसाठी ती बदलून घेतली. बिने-कामत या नावानं ती आजही वापरतात. पण आपलं लेकरू सहा महिने आईबापाबरोबर ऊसतोडीला कोपीवर राहतं, तांड्यावर गोरमाटी बोलतं आणि शाळेत मराठी. त्याला वाचता येत नाही, ते शाळा बुडाली म्हणून, भाषा वेगळी म्हणून, की खरंच अक्षरं ओळखायला मेंदूला जड जातं म्हणून? हे तिन्ही वेगळे आहेत आणि तिन्हींना उपाय वेगळा आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यातला एक. ती ठरली आणि प्रमाणपत्र मिळालं तर दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. मास्तरांनी "ढ" म्हणून मागच्या बाकावर बसवलेल्या लेकरासाठी हा फार मोठा फरक आहे.

आता एका गटाची गोष्ट. त्या ताईंना विचारूनच सांगते आहे, गावाचं नाव घेणार नाही. त्या गटाच्या कोषाध्यक्ष होत्या. नऊ वर्षं हिशोबात एक रुपया इकडचा तिकडं नाही. मग तीन महिन्यांत दोनदा रक्कम जुळेना. एकीची बचत भरल्याची नोंद नाही, एकीचा हप्ता दोनदा लिहिलेला. गटात कुजबुज सुरू झाली. कुणी "खाल्ले" म्हणालं, कुणी "लेकाला दिले असतील." पुढच्या बैठकीत त्यांना काढायचं, असं ठरत आलं होतं. त्यांच्या सुनेनं मात्र एका वहीत लिहून ठेवलं होतं. दिवाळीपासून झोपून राहतात, थंडी फार वाजते, भाजीत मीठ दोनदा पडतं, पोस्टात पासबुक विसरून आल्या. ती वही घेऊन सून त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. मानसशास्त्रज्ञांनी तपासलं. नवीन आठवायला आणि लक्ष धरायला अडत होतं, मनही उदास होतं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर थायरॉइड फार कमी निघालं. गोळ्या सुरू झाल्या. काही महिन्यांत ताई सावरल्या. गटानं पुन्हा हिशोब तपासला. पैसे कुठंच गेले नव्हते, नोंदी चुकल्या होत्या. तसं इतिवृत्तात लिहून सगळ्यांनी सह्या केल्या.

प्रत्येक वेळी असं बरं होतंच, असं मी म्हणणार नाही. म्हातारपणातला स्मृतिभ्रंश गोळीनं परत फिरत नाही. पण थायरॉइड, बी-१२ची कमतरता, उदासपणा, ऐकू कमी येणं, काही औषधं यांनीही विसरायला होतं आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय असतो. तपासल्याशिवाय वेगळं कसं करणार? आणि स्मृतिभ्रंशच निघाला तरी घरच्यांना कळतं, की म्हातारी मुद्दाम त्रास देत नाही. मग गॅसकडं कोण बघणार, औषध कोण देणार, बँकेत बरोबर कोण जाणार, हे वेळेवर ठरवता येतं.

जाताना काय न्यायचं? चष्मा, कानाचं मशीन असेल तर ते, चालू गोळ्यांची पाकिटं, जुने कागद. लेकरासाठी शाळेच्या वह्या आणि हजेरी. झोप झालेली असावी, पोटात काही असावं. रोज बरोबर राहणारं माणूस सोबत असावं. आत मात्र मागून उत्तरं सांगू नका, घरून पाठ करूनही नेऊ नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सुनेसारखी वही. काय बदललं, कधीपासून, आठवड्यातून किती वेळा. आपण बचतीची नोंद तारखेनिशी ठेवतो ना? तशीच ही ठेवायची. तासाभरात मानसशास्त्रज्ञांना जे दिसत नाही, ते तुम्ही वर्षभर बघत असता.

निकाल मिळाल्यावर तीन प्रश्न विचारा. काय नीट आहे? कुठं अडतंय? आता घरी आम्ही काय करायचं? साध्या मराठीत सांगा म्हणायचं. तो आपला हक्क आहे.

अजून एक गोष्ट, खास बायकांसाठी. कागदावर आजाराचं नाव आलं म्हणून नवऱ्यानं "वेडी आहे" म्हणत बाहेर काढायचं, ही भीती खोटी नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तपासणीची माहिती गुप्त ठेवायची आहे. नुसत्या आजाराच्या नावावरून कुणाला वेडं ठरवता येत नाही, तो अधिकार न्यायालयाचा आहे. म्हणून ज्या बाईचा रिपोर्ट, तिच्याच ताब्यात राहू द्या. आणि गटात कुणी विश्वासानं सांगितलं, तर ते पाणवठ्यावर जायला नको.

माझी विनंती एवढीच. पुढच्या बैठकीत प्रत्येक गटानं इतिवृत्तात दोन ठराव घ्यावेत. पहिला, हिशोब चुकला तर आधी तब्येत विचारायची, आरोप नंतर. दुसरा, ज्यांना तपासणीला जायचंय त्यांच्याबरोबर गटातली एक जण जाईल आणि गाडीभाडं कमी पडलं तर गटातून मिळेल. दवाखान्याचा वार कळला की मी तो प्रभागसंघाच्या फळ्यावर लिहीन. कुणाला एकटीनं बोलायचं असेल, तर बैठक संपल्यावर मी इथंच थांबते आहे.