निकालाच्या दिवशी पालकत्व
(पालक-शिक्षक मेळाव्यातील भाषण)



दहावीच्या परीक्षेत मूल अनुत्तीर्ण झाले की अनेक घरांत सुतक आल्यासारखी शांतता पसरते. मुलगा मान खाली घालून बसतो आणि वडील शेजारच्या मुलाचे गुण त्याला ऐकवतात. वस्तुतः त्याच घटकेला त्याला आधाराची सर्वाधिक गरज असते.

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ हे वय किशोरावस्थेचे मानते. या काळात शरीर झपाट्याने वाढते, भावना उसळतात. परंतु परिणामांचा विचार करून मनाला आवर घालणारा मेंदूचा पुढील भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत असतो. म्हणून प्रत्येक उलट उत्तर हा उर्मटपणा समजू नये.

मग पालकांनी काय करावे? उपदेशापूर्वी ऐकून घ्यावे. तुलना टाळावी. शिस्त अवश्य असावी. मात्र तिचे कारण सांगावे. अनुत्तीर्ण विद्यार्थ्यास पुरवणी परीक्षेची संधी असते, हे त्याला त्याच दिवशी समजावून द्यावे.

मूल अबोल झाले, त्याची झोप व भूक उडाली, जगणे नकोसे झाल्याचे ते बोलू लागले, तर त्यास नाटक म्हणू नये. त्याला एकटे न सोडता डॉक्टरांकडे न्यावे. शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेली ‘टेली-मानस’ ही समुपदेशन सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य, अहोरात्र मिळते. निकालापूर्वीच हा क्रमांक प्रत्येक शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिला जावा.