तयार उत्तर आणि स्वतःची सिद्धता



तंजावरच्या भोसले राजांमुळे मराठी माणसाला कावेरीकाठचा मुलूख परका नाही. तंजावरपासून सुमारे ४० किलोमीटरवरील कुंभकोणम येथे १९०३ साली श्रीनिवास रामानुजन या शाळकरी मुलाच्या हाती जॉर्ज कार यांचा गणिती सूत्रांचा संग्रह आला. त्यात हजारो सूत्रे होती. सिद्धता मात्र त्रोटक, अनेक ठिकाणी नव्हतीच. एखाद्याने ती सूत्रे पाठ करून परीक्षा दिली असती. रामानुजन एकेक सूत्र स्वतः सिद्ध करीत गेले आणि त्या वाटेवर त्यांना नवी सूत्रे गवसली.

आज तसा संग्रह प्रत्येकाच्या संगणकात आहे. मागणी लिहिताच यंत्र आज्ञावली तयार करून देते आणि ती बहुधा चालतेही. मग सॉफ्टवेअर शिकावे कशाला, हा विद्यार्थ्यांचा प्रश्न रास्त आहे.

त्याचे उत्तर बँकेच्या व्यवहारात सापडते. एका खात्यातून ५०० रुपये वजा झाले आणि दुसऱ्या खात्यात जमा होण्यापूर्वीच वीज गेली, तर? एकाच शिलकीतून दोन ठिकाणी एकाच क्षणी पैसे काढले गेले, तर? दोन्ही नोंदी पूर्ण व्हाव्यात, नाहीतर एकही होऊ नये, हा नियम ज्याने शिकताना स्वतः पडताळून पाहिला, त्याला यंत्राच्या आज्ञावलीतील उणीव आधीच दिसते. इतरांना ती ग्राहकाच्या तक्रारीतून कळते. शिवाय मोठ्या संस्थांच्या प्रणाली वर्षानुवर्षे चालतात. लिहिणारा निघून जातो, दुरुस्ती दुसऱ्याच्या वाट्याला येते. कोणालाच न समजलेली आज्ञावली दुरुस्त कोण करणार?

रामानुजन यांच्या चरित्रात याची दुसरी बाजूही आहे. १९१३ साली त्यांनी केंब्रिजच्या हार्डी यांना पत्राने कळविलेल्या निष्कर्षांपैकी मूळ संख्यांविषयीची काही विधाने सदोष ठरली. एवढ्या प्रतिभेलाही सिद्धतेची कसोटी चुकली नाही. यंत्राच्या ठाम उत्तराला ती कशी चुकावी?

म्हणून क्रम महत्त्वाचा. विद्यार्थ्याने प्रथम स्वतः लिहावे, नंतर यंत्राचे उत्तर शेजारी ठेवावे, आणि प्रत्येक ओळीचे कारण सांगता आल्याखेरीज ती स्वीकारू नये. यात वेळ जाईल. तो शिक्षणाचाच वेळ होय. पालकांनीही ‘प्रोग्रॅम चालला का?’ एवढ्यावर न थांबता ‘तो केव्हा चालणार नाही?’ असे विचारावे. ज्याला याचे उत्तर देता येईल, त्याच्या हाती यंत्र निर्धास्तपणे सोपवावे.