शेतकऱ्यांसाठी बांधलेली बँक



अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिसच्या दक्षिणेला, ओवाटोना नावाचं एक गाव आहे. गव्हा-मक्याचा आणि दुभत्या गाईंचा हा मुलूख. १९१० च्या खानेसुमारीत गावाची वस्ती भरली ५,६५८. एवढ्याशा गावाच्या मुख्य चौकात, बागेसमोर, एक लालसर विटांची इमारत उभी आहे आणि वास्तुकलेचे अभ्यासक आजही वाट वाकडी करून ती पाहायला जातात. ती बांधली गेली बँक म्हणून. तिचं मूळ नाव नॅशनल फार्मर्स बँक.

त्या काळी अमेरिकेत बँक म्हटली की ग्रीक देवळाचा थाट ठरलेला असे. मुंबईत एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्या चढताना दिसतात तसे जाडजूड खांब आणि वर त्रिकोणी माथा. ठेवीदाराच्या मनावर त्याचा वचक बसायचा, पैसा सुरक्षित आहे असं वाटायचं. ओवाटोनाच्या या बँकेचे उपाध्यक्ष कार्ल बेनेट यांना मात्र हे पटत नव्हतं. बेनेट हार्वर्डला शिकलेले, संगीताचा अतोनात नाद असलेले. घरची बँक सांभाळायला गावी परतले होते. त्यांचं म्हणणं असं, की परक्या देशातल्या, परक्या काळातल्या देवळाचा आणि आमच्या कामाचा संबंध काय? आमच्याकडे चिखलाचे बूट घातलेला शेतकरी येतो. इमारत त्याची वाटली पाहिजे.

१९०६ साली ‘द क्राफ्ट्समन’ या मासिकात त्यांनी लुई सलिव्हन यांचा लेख वाचला आणि हाच आपला माणूस, असं त्यांच्या मनानं घेतलं.

सलिव्हन हे एके काळी शिकागोच्या वास्तुकलेतलं मोठं नाव. उंच इमारतीला तिचं स्वतःचं रूप असावं, जुन्या शैलींचे तुकडे तिला चिकटवू नयेत, हे त्यांनी सेंट लुईच्या वेनराइट बिल्डिंगमध्ये करून दाखवलं होतं. पुढे स्वतः नामांकित वास्तुकार झालेले फ्रँक लॉइड राइट त्यांच्याच हाताखाली शिकून तयार झाले. पण १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनानंतर पुन्हा खांब-कमानींची लाट आली, त्याच वर्षी मंदीही आली. १८९५ मध्ये भागीदार डँकमार अ‍ॅडलर वेगळे झाले. कामं आटत गेली. अशा वेळी एका लहान गावातून बोलावणं आलं, आणि पन्नाशीला आलेल्या या माणसानं त्यात जीव ओतला.

इमारत १९०८ मध्ये पुरी झाली. बँकेचा मुख्य भाग म्हणजे ६८ फूट लांब-रुंद असा सरळ चौकोन. खाली तांबड्या वालुकाश्माचं जोतं, त्यावर विटा. या विटा एका रंगाच्या नाहीत. तांबूस, तपकिरी, मधूनच काळपट अशा छटा मिसळून रचल्यामुळे लांबून भिंत विणलेल्या कापडासारखी दिसते. रस्त्याकडच्या दोन्ही बाजूंना एकेक प्रचंड कमान, ३६ फूट रुंदीची, आणि तिच्यात रंगीत काच. कडेनं हिरवट टेराकोटाचा नक्षीदार पट्टा.

या टेराकोटापाशी थोडं थांबू या. नक्षीची बहुतेक रेखाटनं केली सलिव्हन यांचे सहायक जॉर्ज ग्रँट एल्मस्ली यांनी. कागदावरची वेल क्रिस्टियन श्नायडर हा कारागीर मातीत उतरवायचा. त्यावरून प्लास्टरचा साचा, साच्यात पुन्हा माती दाबायची, वाळवायची, वर झिलई देऊन भट्टीत भाजायची. माती सुकताना आणि भाजताना आकसते, म्हणून साचा आधीच मोठा धरावा लागतो. हिशेब चुकला तर भिंतीवर पानाला पान जुळणार नाही. ओवाटोनात ते जुळलं आहे. इमारतीचं श्रेय एकट्या सलिव्हन यांना देण्याची रीत पडली आहे, ती मला मान्य नाही. एल्मस्ली आणि श्नायडर यांच्या हातांशिवाय ही बँक नुसता विटांचा चौकोन राहिली असती.

आत गेलं की छताच्या काचेतून आणि कमानींतून हिरवट उजेड झिरपतो. बिडाची चार विजेची झुंबरं लटकतात, एकेकाचं वजन सव्वादोन टन! भिंतींवर ऑस्कर ग्रॉस यांची मोठी चित्रं आहेत. एकात गाई चरताहेत, दुसऱ्यात सुगी चालली आहे. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर त्याचाच गोठा आणि त्याचंच शेत. बेनेट यांना लिहिलेल्या पत्रांतून दिसतं, की १९०८ चा अख्खा वसंत सलिव्हन यांनी या बँकेच्या रंगांचा विचार करत मोकळ्या रानात घालवला. रंगांबद्दल ते बोलत ते गवयानं सुरांबद्दल बोलावं तसं. आणि ऐकणारा बेनेटही तसाच कानाचा. माझ्या मते या वास्तूचं रहस्य इथे आहे. असा वास्तुकार आणि असा मालक एकमेकांना क्वचित भेटतात.

पण सौंदर्यापेक्षाही मला मोलाची वाटते ती आतली मांडणी. शेतकऱ्यांना बसून भावताव, देवाणघेवाण करता यावी म्हणून एक स्वतंत्र खोली होती. बाजाराला आलेल्या बायकांना विसावायला वेगळी खोली होती. दारातून आत पाऊल टाकलं की समोर थेट तिजोरीची खोली दिसे. लपवाछपवी नाही. बेनेट यांनी त्याच वर्षी ‘द क्राफ्ट्समन’मध्ये लेख लिहून आपण अशी बँक का बांधली ते सांगितलं, आणि लेखाच्या मथळ्यातच शेतकऱ्यांसाठी बांधलेली बँक असा तिचा उल्लेख केला.

पुढचा भाग सांगताना वाईट वाटतं. १९०९ मध्ये सलिव्हन यांना आपली पुस्तकं आणि कलावस्तू लिलावात विकाव्या लागल्या. त्याच वर्षी एल्मस्लीही त्यांना सोडून गेले. नंतर आयोवा, ओहायो, विस्कॉन्सिनमधल्या लहान गावांनी त्यांच्याकडून बँका बांधून घेतल्या, त्यांतली एकेक पाहण्यासारखी आहे. पण १९२४ मध्ये शिकागोच्या एका हॉटेलच्या खोलीत, हलाखीतच ते वारले. इकडे पहिल्या महायुद्धानंतर शेतमालाचे भाव कोसळले, कर्जं थकली, आणि मिनेसोटातल्या गावोगावच्या बँका धडाधड बंद पडल्या. १९२६ मध्ये नॅशनल फार्मर्स बँकही बुडाली. शेतकऱ्यांवर भिस्त ठेवणारी बँक शेतीबरोबरच गाळात गेली.

१९२९ मध्ये दुसऱ्या बँकेनं इमारत घेतली. १९४० मध्ये आत ‘सुधारणा’ झाल्या, रोखपालांच्या नक्षीदार जाळ्या काढून टाकल्या गेल्या. त्यांतली एक आज मिनियापोलिसच्या कलासंग्रहालयात पाहायला मिळते. काचेच्या पलीकडे ठेवण्याची ती वस्तू नव्हती, तिच्यातून दुधाचे पैसे मोजून दिले जायचे. १९५० च्या दशकात मात्र मालक बँकेला सुबुद्धी सुचली. जुन्या इमारती बेधडक पाडण्याचा तो काळ, पण या बँकेनं हारवेल हॅमिल्टन हॅरिस या जाणत्या वास्तुकाराला बोलावलं. त्यांनी गेलेलं सगळं परत आणल्याचा आव आणला नाही. झुंबरं, चित्रं, काच सांभाळली, आणि नवं लाकूडकाम जुन्याला शोभेल असं बसवलं. १९५८ मध्ये ते काम पुरं झालं. ऐतिहासिक वास्तू जपण्याचा व्यापक राष्ट्रीय कायदा अमेरिकेत त्यानंतर आला. १९७६ मध्ये इमारतीला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला.

१९८१ साली अमेरिकेच्या टपाल खात्यानं देशातल्या वास्तुकलेवर १८ सेंटची चार तिकिटं काढली. एकावर न्यूयॉर्कच्या विद्यापीठाचं ग्रंथालय, एकावर व्हँडरबिल्ट घराण्याचा अडीचशे खोल्यांचा बिल्टमोर प्रासाद, एकावर सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनातला कलामहाल. चौथ्यावर ओवाटोनाची ही बँक आहे, कमानीसकट.