सहा कोटी दिवसांचं देणं

आज पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

रात्र रात्र जागून तुम्ही ग्रीक धातूंची रूपं घोकलीत, प्रबंध पुन्हा पुन्हा लिहिलेत. ही पदवी तुमच्या हक्काची आहे. उद्यापासून मंडळीपुढे तुम्ही जिच्याविषयी बोलणार, ती देवाची कृपा मात्र कुणाच्याच हक्काची नाही. पौलाने इफिसकरांना हेच बजावलं: तारण कृपेने आहे, कर्मांनी नाही, तेव्हा बढाई मारायला जागाच नाही.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायातल्या येशूच्या दृष्टांतातला चाकर आठवा. त्याच्या अंगावर राजाचं दहा हजार तालांतांचं देणं. एक तालांत म्हणजे साधारण ६,००० दीनार आणि एक दीनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. करा हिशेब. सहा कोटी दिवस राबला तर फिटेल! आणि हा गडी म्हणतो, जरा दम धरा, सगळं फेडतो. राजा मुदत वाढवत नाही, देणंच सोडतो. त्या रकमेची झळ शेवटी कुणीतरी सोसलीच. ती देवाने स्वतः क्रूसावर सोसली, ही आपली श्रद्धा.

बाहेर येताच हाच चाकर आपलं १०० दीनार देणं असलेल्या सोबत्याची मानगूट धरतो. ही रक्कम क्षुल्लक होती, असं आपण उपदेशात सहज म्हणून जातो. मला ते पटत नाही. मजुराच्या घरची तीन महिन्यांची चूल आहे ती. आपलं झालेलं नुकसान खोटं आहे, असं येशू कुठेच म्हणत नाही.

खरं नुकसान सोसूनही क्षमा कशी होते, ते पाहा. १९९५ साली मध्य प्रदेशात सिस्टर राणी मारिया यांना बसप्रवासात भोसकून मारण्यात आलं. सावकारीत अडकलेल्या आदिवासींच्या बाजूने त्या उभ्या होत्या. मारेकरी समुंदरसिंग याला जन्मठेप झाली. राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. पुढे त्याच्या सुटकेसाठी राणी मारियांच्या घरच्यांनीच खटपट केली. २००६ मध्ये तो सुटला.

हे सेल्मीने स्वतःहून केलं, हे विसरू नका. मार खाऊन आलेल्या बाईला ‘क्षमा कर आणि नांदायला जा’ असं सांगणारा पाळक कृपा शिकवत नाही. तो दुसऱ्याच्या जिवावर उदार होतो. तिला आधी आसरा द्या, पोलीस ठाण्यात सोबत जा.

मग ही कृपा तुम्ही कुठून सुरू कराल? नेमणुकीच्या गावी एखादं घर असेल, जिथे वर्षानुवर्षं पाळकाने पाऊल टाकलेलं नाही. मुलीने पळून जाऊन लग्न केलं असेल, कर्ता माणूस दारूत बुडाला असेल. पोचलात की त्या घराचा पत्ता विचारा आणि गावातला पहिला चहा तिथे घ्या.