पथदिव्यांच्या बॅटरीची निगा

गावोगावच्या सौर पथदिव्यांत लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी-संच बसविले जातात. त्यांत पाणी घालावे लागत नाही. म्हणून देखभालच नको, हा समज चुकीचा होय. ३.२ व्होल्टचे चार घट एकापुढे एक जोडून १२.८ व्होल्टचा संच होतो. त्यातील एकच घट दुबळा झाला, तरी संरक्षक सर्किट संपूर्ण संच बंद करते आणि रस्ता अंधारात बुडतो. यास्तव पावसाळ्याच्या आधी व नंतर जाणत्या तंत्रज्ञाकडून ओल, गंजलेल्या जोडण्या व फुगवटा तपासून घ्यावा. प्रत्येक घटाचा दाब स्वतंत्र मोजून नोंदवहीत लिहावा. फुगलेला संच उघडू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार तो इतर कचऱ्यात न मिसळता अधिकृत पुनर्चक्रण केंद्राकडे सोपवावा. दिवा लागतो त्या दिवशी समारंभ होतो. तो तेवत राहतो, तो मात्र नियमित तपासणीमुळेच.