एक पक्षी, दोन कवी



उपमेला आपण काव्याचा अलंकार म्हणतो. अलंकार म्हटला की तो उतरवून ठेवता येतो, असेही मनात येते. परंतु काही उपमा अशा असतात, की त्या काढल्या तर अर्थच नाहीसा होतो. अशा दोन उपमा आम्हांला आज आपणांपुढे ठेवावयाच्या आहेत.

पहिली होमरच्या ‘इलियड’मधील. या ग्रीक महाकाव्याचे सर्ग २४. नवव्या सर्गात रुसून बसलेल्या अकिलीजची समजूत घालण्यास सेनापती अ‍ॅगमेम्नॉनचे दूत येतात. तेव्हा तो वीर म्हणतो की, पंख न फुटलेल्या पिलांना मिळेल तो घास आणून देणाऱ्या आणि स्वतः हाल सोसणाऱ्या पक्षिणीसारखी आपली गत झाली आहे. लढावे आपण, आणि लुटीचा मोठा वाटा सेनापतीने घ्यावा! शत्रूंचा काळ ठरलेला योद्धा स्वतःला आईच्या जागी पाहतो, आणि त्याच्या क्रोधाखालचे दुःख आपल्याला दिसते.

दुसरीसाठी दूर जावयास नको. गोदाकाठचे गंगाखेड आपल्याच जिल्ह्यातले. संत जनाबाईंचे ते गाव. त्यांच्या नावावरील एका अभंगात पिलांसाठी दूरवर चाऱ्याला गेलेला पक्षी आहे, आकाशातून पिलांकडे झेपावणारी घार आहे, कामात गुंतलेली आई आहे, पिले पोटाशी धरून झाडावर हिंडणारे वानर आहे. या चार चित्रांनंतर ‘तैसी’ हा शब्द येतो आणि विठ्ठल माउली होतो. होमरची लांबलचक उपमाही ‘जसे’ आणि ‘तसे’ या दोन खांबांवरच उभी असते.

पक्षी एकच, पण बोलणारा कोठे उभा आहे, याने अर्थ पालटला. अकिलीज पक्षिणीच्या जागी उभा राहून श्रमांचा हिशेब मागतो. जनाबाई तर नामदेवांच्या घरची दासी. दळणकांडणात त्यांचा दिवस सरे. पक्षिणीचे गाऱ्हाणे सांगण्याचा अधिकार कोणाला असेल, तर तो त्यांना होता. त्यांनी जागा घेतली ती पिलाची! जिला सर्वांचे करावे लागे, तिने आपलेही कोणी करणारे आहे, असे म्हटले. यात कोणी नुसती शरणागती पाहोत; आम्हांला यात स्वाभिमान दिसतो. दासीवरही कोणाचे तरी चित्त लागून आहे, हे सांगावयास धैर्य लागते.

घरातील वृद्ध स्त्रियांच्या तोंडी जात्यावरच्या ओव्या अजून असतील. त्या ऐकताना उपमा कशाची दिली एवढेच न पाहता, गाणारी त्या चित्रात कोठे उभी आहे तेही पाहावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.